शिक्षणसेवकाचे १६ हजार, आणि पर्मनंट झाल्यावर पैशाचं पहिलं काय करायचं?

बालाघाटचा_मास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय, विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

२०२४ च्या पवित्र पोर्टलच्या भरतीतून लागलेला जिल्हा परिषदेचा शिक्षणसेवक आहे. गाव लातूर जिल्ह्यात, शाळा रत्नागिरी जिल्ह्यात. मानधन १६ हजार, त्यातून व्यवसाय कराचे २०० जातात. रूम आम्ही दोघे गुरुजी मिळून घेतलीय, शाळा वाडीवर आहे त्यामुळं गाडीशिवाय पर्याय नाही, पेट्रोल, गॅस, किराणा धरून आणि घरी चार-पाच हजार पाठवून महिनाअखेरीला काही उरत नाही, आणि मानधन एक तारखेला येईल याची खात्री नाही, कधी १० कधी २० तारीख. आता पुढच्या वर्षी तीन वर्षं पूर्ण होतील आणि नियमित वेतनश्रेणी मिळेल.

खरा प्रश्न तिथंच आहे. आत्तापासूनच लोक तुटून पडलेत. वडलांचं गावच्या शेती सोसायटीचं पीककर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, गावाकडं सगळ्यांना वाटतं पोरगं सरकारी नोकरीत म्हंजे पैशाला काय तोटा. इथं तालुक्याला एक सर भेटले, म्हणाले ऑर्डर हातात आली की शिक्षकांच्या पतसंस्थेचा सभासद हो आणि लगेच कर्ज उचल, प्लॉट घे, नंतर घेता येत नाही. दुसऱ्या एका मॅडमचे मिस्टर पॉलिसीचे कागद घेऊन बसलेले असतात. मला यातलं काही कळत नाही. ज्यांनी हे सगळं पार केलंय त्यांनी सांगा, पहिल्या वर्षात काय करावं आणि काय अजिबात करू नये?

कोकणी_फणस

स्वागत. आत्ताच्या १६ हजारांत गुंतवणूक बिंतवणूक विसरा, एसआयपीच्या जाहिराती बघून जीव जाळू नका. आत्ता एकच काम, किराणावाल्याची वही बंद करायची. आमच्या तालुक्यात निम्मे शिक्षणसेवक उधारीवर जगतात कारण मानधन लेट, आणि उधारी असली की दुकानदार जो भाव लावेल तो मुकाट द्यायचा, तूरडाळ कितीला मिळाली हे विचारायची पण सोय राहत नाही. एका महिन्याचा खर्च हाताशी साठला की आपण मागच्या महिन्याच्या मानधनावर जगायला लागतो, मग १ तारीख काय आणि २० तारीख काय. तो एक महिना साठवायला वर्ष लागलं तरी चालेल, पण तेवढं करा.

आणि गणपतीला गावी जाणार असाल तर... अरे हो, तुम्ही लातूरचे, तुमचं उलटं. दिवाळीचं तिकीट आधीच काढून ठेवा, ट्रॅव्हल्सवाले त्या आठवड्यात कापतात.

हिशेबी_बाई

मास्तर, आधी आकडा नीट बघा म्हणजे डोकं शांत राहील. लोक म्हणतात पन्नास हजार पगार, तेवढे हातात पडत नाहीत.

डीएड पदावर सुरुवात एस-१० या वेतनस्तरात, मूळ वेतन २९,२००. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर १६,०६०. घरभाडं ग्रामीण भागात १० टक्के म्हणजे २,९२०. झाले ४८,१८०. यातून एनपीएस म्हणजे नव्या पेन्शन योजनेचे मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के, म्हणजे ४,५२६ जाणार, व्यवसाय कर २००, गटविम्याची किरकोळ रक्कम. हातात ४३ हजारांच्या आसपास. पतसंस्थेचा हप्ता यात धरलेला नाही.

आता माझं मत. पहिले सहा महिने कुणालाही हो म्हणू नका. आज जसे राहताय तसेच राहा, घरी पाठवायचे वाढवा, पाचाचे दहा करा, तो त्यांचा हक्क आहे. तरी महिन्याला वीसेक हजार शिल्लक पडतात. सहा महिन्यांत सव्वा लाख होतात आणि ते खात्यात दिसायला लागले की माणसाला नाही म्हणता येतं. खिसा रिकामा असताना नाही म्हणणं अवघड असतं, कारण समोरचा कर्ज घेऊन उभा असतो.

आणि पहिल्याच महिन्यात प्रान नंबरच्या, म्हणजे एनपीएस खात्याच्या नंबरच्या मागे लागा. तो निघायला उशीर झाला की तुमची कपात आणि शासनाचा हिस्सा दोन्ही लटकतं. शासनाचे १४ टक्के असतात, म्हणजे तुमच्या आकड्यावर महिन्याला ६,३३६. एनपीएसच्या आधीच्या डीसीपीएस योजनेतल्या कपातीच्या चिठ्ठ्या शोधत फिरणारे शिक्षक मी पाहिलेत. प्रत्येक महिन्याची पेस्लिप शालार्थ या पगाराच्या प्रणालीवरून काढून फाईलला लावायची.

पेन्शनरकाका

वाचून वाईट वाटतं. आमच्या वेळी जीपीएफला म्हणजे भविष्य निर्वाह निधीत टाकायचं आणि विसरायचं, मुलीच्या लग्नाला काढायचं, रिटायर झाल्यावर पेन्शन. हे टर्म विमा आणि म्युच्युअल फंड काही लागलंच नाही. तुम्ही लोकांनी काटकसर शिकावी, हातात मोबाईल २५ हजारांचा आणि तक्रार पगाराची.

घाटमाथा

काका, तुमची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, आमची नंतरची, एवढाच फरक आहे. काटकसरीचा प्रश्न नाही. तुमची पेन्शन ठरलेली, आमची बाजारावर. मार्च २०२३ चा जुन्या पेन्शनचा संप काय मोबाईलसाठी केला का आम्ही?

पेन्शनरकाका

बरं बाबा, मोबाईलचं मागे घेतो. संपाला माझा पाठिंबाच होता.

बंडू_वर्धेकर

रुमाल टाकून ठेवतो, जेवून येऊन लिहितो. पतसंस्थेवर बोलायचं आहे मले.

आडवा_प्रश्न

पतसंस्थेला इथं सगळे झोडपणार हे दिसतंच आहे म्हणून आधीच बाजू मांडतो. मी आमच्या तालुका शिक्षक पतसंस्थेचा सभासद आहे. बँकेत पर्सनल लोनला गेलं की सिबिल, तीन पेस्लिपा, फॉर्म सोळा, साहेब रजेवर. सोसायटीत म्हणजे पतसंस्थेत सकाळी अर्ज, दोन जामीनदारांच्या सह्या, संध्याकाळी नाही तर दुसऱ्या दिवशी पैसे. माझ्या आईच्या ऑपरेशनला आदल्या रात्री पैसे लागले तेव्हा बँक नव्हती, सोसायटी होती. वर भागावर म्हणजे शेअरवर लाभांश, दिवाळीला भेटवस्तू, मुलांचे गुणगौरव, आणि आमच्याकडे सभासद सेवेत असताना गेला तर ठरावीक मर्यादेपर्यंत कर्ज माफ करण्याचा निधी आहे. खाजगी सावकाराच्या दारात शिक्षक जात नाही याचं श्रेय या संस्थांना आहे, हे विसरू नये.

बंडू_वर्धेकर

जेवलो. हे पाहा भाऊ, सोसायटी वाईट नाही. वाईट आहे ते नवं-जुनं.

समजा मास्तरनं १० लाख उचलले, १० टक्के व्याज, १० वर्षं. हप्ता येतो १३,२१५. तीन वर्षं इमानदारीनं भरले, म्हणजे पावणेपाच लाख गेले. मुद्दल किती कमी झालं? दोन लाख आणि थोडेसे. सुरुवातीला सगळं व्याजातच जाते ना. आता तीन वर्षांनी बहिणीचं लग्न निघालं. संस्थेतले म्हणतात काही काळजी नको सर, नवं-जुनं करून घेऊ. म्हणजे जुनं आठ लाखांचं बंद दाखवायचं, नवीन १५ लाखांचं मंजूर करायचं, हातात सात लाख. हातात सात पडले पण हप्ते पुन्हा पंधरा लाखांवर, पुन्हा पहिल्या वर्षापासून, पुन्हा व्याजच व्याज. आणखी चार वर्षांनी प्लॉट, मग गाडी, मग पोराचं ॲडमिशन. आमच्या केंद्रात एक सर आहेत, निवडश्रेणी ही वरची वेतनश्रेणी घेतलेले, ग्रॉस लाखाच्या वर, आणि हातात पडतात १९ हजार. शिक्षणसेवकाहून तीन हजार जास्त बाप्पा! रिटायर व्हायला चार वर्षं राहिलीत, ग्रॅच्युइटीतून सोसायटी फेडणार म्हणतात.

म्हणून कर्ज घ्यायचं असलं तर घे, पण एक फिटेपर्यंत दुसरं नाही. वार्षिक वाढ मिळाली की हप्ता वाढवून घे. बहुतेक संस्था जादा रक्कम भरू देतात, लोक विचारतच नाहीत.

हिशेबी_बाई

बंडूभाऊंना +१. आणि व्याज सांगताना 'सरळ' की 'घटत्या शिलकीवर' हे विचारायलाच हवं. गाडीच्या शोरूममध्ये तर हमखास सरळ व्याज सांगतात. एक लाख, १० टक्के, तीन वर्षं, तर ३० हजार व्याज, हप्ता ३,६११. ऐकायला स्वस्त वाटतं पण घटत्या शिलकीवर हेच १८ टक्क्यांच्या जवळ जातं. सोसायटीचे १० टक्के घटत्या शिलकीवर असतील तर ते शोरूमच्या १० टक्क्यांपेक्षा कितीतरी स्वस्त.

सह्याद्री_सेविका

जामीनदाराबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून. पर्मनंट झाल्या झाल्या सगळ्यात आधी तुमची सही मागतील, कर्ज नंतर. नवा शिक्षक म्हणजे कोरा जामीनदार. स्टाफरूममध्ये चहा पिताना फॉर्म पुढे सरकवतात, 'नुसती सही आहे हो सर, फॉर्मॅलिटी'. आमच्या शाळेतल्या एका मॅडमनी अशी सही केली, कर्जदार सर पुढे निलंबित झाले, निर्वाहभत्त्यातून हप्ता जाईना, आणि एका महिन्यात मॅडमच्या पगारपत्रकात अनोळखी कपात. विचारायला गेल्या तर त्यांच्याच सहीचं हमीपत्र दाखवलं. कायद्यानं जामीनदार आणि कर्जदार सारखेच बांधलेले असतात, त्यामुळे भांडून उपयोग नव्हता. घरातल्या माणसालाही हे सांगता येत नाही की मी दुसऱ्याचं कर्ज फेडतेय.

नाही कसं म्हणायचं हा खरा प्रश्न, कारण उद्या तुम्हालाही जामीनदार लागणार. माझा उपाय असा की ज्याच्यासाठी सही करणार त्याची पेस्लिप आधी मागायची. कपाती बघायच्या. दाखवायला लाजला तर उत्तर मिळालं.

आडवा_प्रश्न

पेस्लिप मागितली तर नाती तुटतात हो. तालुक्यात राहायचं असतं.

सह्याद्री_सेविका

नातं एका सहीवर टिकणार असेल तर काय बोलणार. तरीही तुमचा मुद्दा समजतो, खेड्यात हे शहरासारखं सोपं नाही. मी 'मिस्टरांना विचारून सांगते' म्हणते, तुमच्या लोकांना ती पळवाट नाही.

घाटमाथा

=)) मी 'सौ. ला विचारून' म्हणतो, चालतं की.

करसल्लागार_नव्हे

पॉलिसीवाल्या मिस्टरांबद्दल. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ऑफिसला आयकराचा हिशेब द्यायची वेळ आली की हे लोक उगवतात, 'सर टॅक्स वाचवा'. मास्तर, तुमचं वर्षाचं ग्रॉस पावणेसहा लाखांच्या आसपास. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य, पगारदाराला वरून ७५ हजारांची प्रमाणित वजावट. तुम्हाला कर भरायचाच नाही, तर वाचवणार काय? करवजावटीसाठी पॉलिसी घ्यायचं कारणच उरलेलं नाही.

विमा हवा, पण विम्यासारखा. आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत, तेव्हा साधा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा विमा घ्या, ५० लाखांचा घेतलात तरी तुमच्या वयात महिन्याला हजाराच्या आत बसेल. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही गेला. 'पैसे परत मिळत नाहीत' म्हणून लोक टर्म घेत नाहीत. गाडीच्या विम्याचे तरी कुठे परत मिळतात?

आणि अर्जात व्यसन, आजार, सगळं खरं लिहा. तंबाखू खात असाल तर तंबाखू लिहा.

बालाघाटचा_मास्तर

तंबाखू नाही खात सर :) पण हे टॅक्सचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, मी तर वर्षाला ३० हजारांची पॉलिसी घ्यायच्या बेतात होतो. मग उरलेले पैसे ठेवायचे कुठं? पतसंस्थेतच ठेव ठेवली तर? तिथं बँकेपेक्षा एक-दीड टक्का जास्त देतात म्हणे.

करसल्लागार_नव्हे

थोडे ठेवा, सगळे नको. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्था ही बँक नव्हे, तिला ते संरक्षण नाही. पगारदार नोकरांच्या संस्थेत वसुली पगारातून होत असल्यानं धोका कमी असतो हे खरं. कमी म्हणजे शून्य नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल सभासदाला मिळतो, तो दिवाळीच्या डब्याबरोबर घरी येतो आणि रद्दीत जातो. त्यात ऑडिटचा वर्ग आणि थकबाकीचा आकडा बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

मधली_सुट्टी

तुम्ही सगळे १६ हजार आणि ४३ हजारांवर चर्चा करताय, वाचतेय. मी खाजगी अंशतः अनुदानित शाळेत आहे. कित्येक वर्षं बिनपगारी, मग २० टक्के पगार, मग ४०, आता ६०. अनुदानाचा टप्पा कधी वाढेल हे आझाद मैदानावर किती दिवस बसतो त्यावर. नवरा शिवणकाम करतो म्हणून घर चाललं, हो नवराच, ब्लाऊज उत्तम शिवतो. आमच्यासारख्यांना सल्ला काय देणार कुणी? शिकवण्या घ्या म्हणतात तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नं शिक्षकाला खाजगी शिकवणी बंद. पोट भरायचं कलम कुठलं ते सांगा.

टप्पा वाढला आणि फरक म्हणजे मागची थकबाकी आली तर घरखर्चाला त्यातलं काही काढत नाही एवढंच करते मी. फरकाचे पैसे आले की लगेच जुनं सोनं सोडवलं आणि उरलेल्याची एफडी. फरक एकरकमी आला आणि त्या वर्षी कर लागत असेल तर थकबाकीवरची करसवलत मिळते (जुन्या आयकर कायद्यात कलम ८९), त्यासाठी ठरलेला फॉर्म (जुना १०ई) रिटर्नच्या आधी ऑनलाईन भरावा लागतो, आमच्या क्लार्कला माहीत नव्हतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

पेन्शनरकाका

मधली_सुट्टी ताई, तुमच्यापुढे आमचं काय बोलणं. नमस्कार घ्या.

कोकणी_फणस

एक खर्च कुणी धरला नाही. शाळेवरचा. शाळेचं लाईट बिल थकलं की जोडणी तोडायला माणूस येतो तेव्हा गुरुजींच्या खिशातून जातं. प्रिंट, झेरॉक्स, ऑनलाईन माहिती भरायला डेटा, बीएलओ म्हणजे मतदार यादीच्या कामावर असाल तर त्याची धावपळ, १५ ऑगस्टचा खाऊ. अनुदान येतं तेव्हा येतं आणि तोवर पावत्या हरवलेल्या असतात. दोनशिक्षकी शाळेत वर्षाला काही हजार असे जातात. पावती त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे, नाही तर ते दान समजा.

अकोला_एक्स्प्रेस

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली 'महिन्याला १० टक्के परतावा' वाले सर लोक फार झालेत. स्वतः शिक्षकच, म्हणून विश्वास बसतो. पहिले चार-सहा महिने पैसे येतात पण, मग हॉटेलात सेमिनार, मग सरांचा फोन बंद. नवीन पर्मनंट झालेल्यांची यादी या लोकांकडे आधी पोचते. भिशीही ओळखीच्या दहा-बारा जणांपुरती ठीक, त्यापुढे नको.

प्लॉटचंही तेच. घाईत गुंठेवारीचे तुकडे घेऊन बसले लोक, सातबारा नावावर झाला नाही. आणि आंतरजिल्हा बदली लागली की प्लॉट रत्नागिरीत, माणूस लातुरात.

सह्याद्री_सेविका

बदलीचा मुद्दा महत्त्वाचा. मास्तर, लग्न शिक्षिकेशीच ठरलं तर पती-पत्नी एकत्रीकरण होईपर्यंत दोन ठिकाणी दोन चुली, दोन भाडी. कागदावर दोन पगार आणि प्रत्यक्षात एसटी. हे स्थळ बघतानाच बोलून घ्या.

घाटमाथा

अजून एक. 'आठवा वेतन आयोग आला की फेडू' म्हणून कर्ज काढणाऱ्यांचा नवा पंथ निघालाय. सातवा १ जानेवारी २०१६ पासून लागू, पण राज्यात पगारात दिसला २०१९ ला, आणि मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत, ते हप्तेही लांबत गेले. व्याज मात्र दर महिन्याला वेळेवर लागतं.

बालाघाटचा_मास्तर

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मी असं ठरवतोय, बघा बरोबर आहे का. आत्ता एका महिन्याचा खर्च साठवायचा, त्यासाठी घरी पाठवायचे पाचशे कमी करतो, वडलांना सांगून. ऑर्डर आली की प्रान नंबर, टर्म प्लॅन, आणि सहा महिने कुणाच्या कर्जाला सही नाही आणि स्वतःचं कर्ज नाही. वडलांचं पीककर्ज मात्र आधी भरायचंय, वेळेत भरलं की व्याजात सवलत आहे आणि थकलं की दंड. बहिणीच्या लग्नाला लागतील तेवढेच सोसायटीतून, प्लॉट नाही.

एकच अडचण. तालुक्याचे ते सर म्हणतात आधी सभासद झालं नाही तर नंतर एकदम मोठं कर्ज मिळत नाही, भाग जमा असावे लागतात. हे खरं का?

आडवा_प्रश्न

हे खरं आहे, बहुतेक ठिकाणी कर्जाच्या प्रमाणात भाग लागतात, आणि ते कमी असले तर कर्जातूनच कापून घेतात. तेव्हा सभासद लगेच व्हा, महिन्याची वर्गणी सुरू करा, कर्ज नका घेऊ. उपविधीची प्रत मागून घ्या, त्यात कर्जमर्यादा आणि मुदतीपूर्वी फेडीचा नियम दोन्ही असतात. देत नसतील तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तुमच्याकडच्या संचालकांपैकी एक ओळखीचे आहेत.

बंडू_वर्धेकर

आणि फॉर्मवर नॉमिनी म्हणून आईचं नाव टाका, लग्न झालं की बदला. आमच्याकडे दोघांनी बदललंच नव्हतं, मग घरात भांडणं.